पाऊस सौराष्ट्राचा, महागाई देशाची

महागाई भत्त्याचा हिशेब मांडताना आम्हा कामगार कार्यकर्त्यांची नजर निर्देशांकावर असते. तो आकडा कचेरीत तयार होतो. पण त्याची पेरणी शेतात झालेली असते, हे आम्हाला जरा उशिरा उमगले.

१९७२ साली पावसाने दगा दिला. आदल्या हंगामात देशात सुमारे साडेदहा कोटी टन धान्य पिकले होते. १९७२-७३ मध्ये ते ९ कोटी ७० लाख टनांवर आले. घट शेकडा आठ. भुईमूग मात्र ६० लाख टनांच्या वरून ४० लाखांच्या आसपास घसरला. घट जवळजवळ एक-तृतीयांश! पाऊस तोच, मग हा भेद का?

कारण उघड आहे. धान्य अनेक प्रदेशांत आणि दोन हंगामांत वाटलेले आहे. आमची ज्वारी-बाजरी करपली, तरी पंजाबच्या कालव्यांवरचा आणि विहिरींवरचा गहू बराचसा तगला. १९६५-६६ साली हा आधार पुरता उभा राहिला नव्हता. तेव्हा धान्य ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाखांवर कोसळले आणि देश अमेरिकन गव्हाच्या बोटींची वाट पाहत बसला. भुईमुगाला तर असा पाठीराखाच नव्हता. सौराष्ट्र, रायलसीमा अशा मोजक्या कोरडवाहू मुलखांवर देशाची फोडणी अवलंबून होती.

पण शेकडा आठ या आकड्यानेही फसू नये. सरासरीने पोट भरत नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता, आणि मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पुढल्या हंगामात भुईमूग सुधारला, तरी महागाई हटली नाही. एका नापिकीने रिती झालेली कोठारे एका सुगीने भरत नाहीत. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादेत विद्यार्थ्यांच्या खाणावळीचे बिल वाढले, त्यातून आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातचे मंत्रिमंडळ गेले.

१९८६ साली सरकारने तेलबियांची खास मोहीम काढली आणि उत्पादन वाढलेही. परंतु १९९४ नंतर आयातीची दारे उघडली. आज आपले निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येते. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली, तेव्हा त्याची चिंता आपल्या स्वयंपाकघरात पोहोचली. अवलंबन संपले नाही. फक्त सौराष्ट्राच्या जोडीला इंडोनेशिया आला.

म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याला एक-दोन पाळ्यांचे संरक्षक पाणी आणि तेलबियांना खात्रीचा भाव, ही मागणी केवळ शेतकऱ्याची नाही. ती गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या कामगाराचीही आहे. भत्ता महागाईच्या मागून येतो. पीक तिच्या पुढे चालते. लढा पुढच्या टोकापासून सुरू केला पाहिजे.