पुनरुच्चाराची कुळकथा

नियंत्रकाने दिलेला महत्त्वाचा प्रत्येक हुकूम वैमानिकाने स्वतःच्या तोंडाने उच्चारून परत ऐकवावा, आणि नियंत्रकाने तो कान देऊन मूळ हुकुमाशी ताडून पाहावा, ही रीत आज जगभरच्या विमानतळांवर इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिचा जन्म कोणत्या घराण्यात झाला आणि तिला आजचे रूप येण्यासाठी किती जबर किंमत मोजावी लागली, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वैमानिक मंडळी हिला ‘रीडबॅक’ म्हणतात.

हिचे पूर्वज विमानाहून फार जुने आहेत. सुकाणूवर उभा असलेला खलाशी कप्तानाचा हुकूम मोठ्याने उच्चारी आणि मगच चाक फिरवी, हा दर्यावर्दी लोकांचा पूर्वापार शिरस्ता. पुढे १८५१ साली अमेरिकेत ईरी रेल्वेच्या चार्ल्स मायनॉट यांनी गाड्यांना तारायंत्राने हुकूम देण्यास आरंभ केला; आणि या पद्धतीचा जसजसा विस्तार होत गेला तसतसा, स्टेशनावरील तारमास्तरने उतरून घेतलेला हुकूम परत पाठवावा, धाडणाऱ्याने तो ताडून पाहावा आणि मगच त्याचा अंमल सुरू व्हावा, असा दंडक पडला. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे भवितव्य एका आकड्यावर अवलंबून असल्यामुळे हुकूम पोहोचला एवढ्यावर भागत नसे. काय पोहोचले, हे कळणे अगत्याचे होते.

विमानविद्येच्या बाल्यावस्थेत मात्र अशी सोय नव्हती. १९२९ साली सेंट लुईस येथे आर्ची लीग हे गृहस्थ मैदानात उभे राहून निशाणांनी विमानांना इशारे देत. निशाण वैमानिकाला दिसले की नाही, याचा अजमास विमानाच्या हालचालीवरूनच बांधावा लागे. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर १९२० नंतर बिनतारी दूरध्वनीची व्यवस्था झाली, १९३० साली अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या विमानतळाच्या मनोऱ्यात बिनतारी ध्वनियंत्र बसले, आणि मग जमिनीवरचा मनुष्य व आकाशातला मनुष्य यांचे प्रत्यक्ष संभाषण सुरू झाले. परंतु त्या संभाषणात खरखर होती, निरनिराळ्या धाटणीचे उच्चार होते, आणि एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलावे अशी नैसर्गिक मर्यादाही होती. अक्षरांचा घोटाळा टाळण्यासाठी ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही अक्षरनामावली मोठ्या परिश्रमाने निश्चित होऊन १ मार्च १९५६ पासून अमलात आली. पण अक्षर स्वच्छ ऐकू आले म्हणून वाक्याचा अर्थ निर्वेध पोहोचतोच असे नाही, हा धडा अद्याप शिकावयाचा होता.

तो धडा २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी द्वीपसमूहातील तेनेरीफ बेटाने दिला. शेजारच्या बेटावरील विमानतळात बाँबस्फोट झाल्यामुळे तिकडची विमाने तेनेरीफच्या लोस रोदेओस विमानतळाकडे वळविली होती. उभ्या विमानांनी टॅक्सीमार्ग अडला होता आणि वर धुके दाटले होते. पॅन अ‍ॅम कंपनीचे बोईंग ७४७ धावपट्टीवरूनच सरकत असताना त्याच पट्टीच्या टोकाला के.एल.एम.चे दुसरे ७४७ उड्डाणास सिद्ध होते. नियंत्रकाने त्याला उड्डाणानंतरच्या मार्गाची मंजुरी दिली. उड्डाणाचा परवाना दिला नव्हता. सहवैमानिकाने मार्गाचा पुनरुच्चार केला, पण अखेरीस ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य जोडले, आणि तो बोलत असतानाच विमान धावू लागले. ते जागेवरच उभे आहे अशा समजुतीने नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, आणि क्षणभर थांबून, ‘थांबा, मी कळवीन’ अशी ताकीद त्याने दिली. नेमक्या त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकाने आपण अद्याप धावपट्टीवरच असल्याचे कळविले. दोघे एकदम बोलल्यामुळे लहरी परस्परांत मिसळून कर्कश शीळ उठली, त्या शिळेत दोन्ही जीवदायी वाक्ये दुर्बोध झाली, आणि के.एल.एम.च्या वैमानिकांच्या कानी स्वच्छ पडला तो एकटा ‘ओके’. त्या टकरीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाचा परवाना देताना किंवा रद्द करतानाच उच्चारावा, अन्यत्र ‘डिपार्चर’ म्हणावे, असा कडक नियम झाला.

पुनरुच्चार केला तरी तो ऐकणाराही जागा हवा, हे १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ दिसून आले. फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू ७४७ ला २,४०० फुटांपर्यंत उतरण्याचा हुकूम ‘टू फोर झीरो झीरो’ अशा उच्चाराने मिळाला. इंग्रजीत दोन आणि ‘पर्यंत’ यांचा ध्वनी एकच. वैमानिकांनी ४०० फुटांपर्यंत उतरावयाचे असा अर्थ घेतला आणि ‘फोर झीरो झीरो’ असे परत ऐकविले. चूक अशा रीतीने नियंत्रकासमोर उघड मांडली गेली होती, पण ती दुरुस्त झाली नाही. विमान डोंगरावर आदळून चारही कर्मचारी दगावले.

तिसरा धडा आपल्या देशात मिळाला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण ठार झाले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याचा हुकूम होता, समोरून १४,००० फुटांवर विमान येत असल्याची सूचनाही दिलेली होती, तिची पोचही मिळाली होती. तरीही ते विमान खाली उतरत गेले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांचे इंग्रजीचे तोकडे ज्ञानही पुढे आले. अशा अपघातांच्या अनुभवावरून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ साली वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी भाषाप्रावीण्याची अट घातली आणि ती मार्च २००८ पासून लागू झाली.

या रीतीचा जो जाणकार अभ्यास करील त्याला तिच्यात अविश्वास आढळणार नाही. मनुष्याचा कान अपेक्षित तेच ऐकतो, हा आपला स्वभावधर्म ओळखून एकाच्या मनातला अर्थ दुसऱ्याच्या परीक्षेसाठी उघड्यावर आणण्याची ही व्यवस्था आहे, आणि तीत हुकूम देणाऱ्याची जबाबदारी हुकूम घेणाऱ्याइतकीच भारी आहे. म्हणून नवशिक्या वैमानिकाला व नियंत्रकाला हे रुक्ष नियम पाठ करावयास लावताना तेनेरीफ, क्वालालंपूर आणि चरखी दादरी ही नावेही त्या नियमांबरोबर शिकविली पाहिजेत. कारण हेतू जाणून पाळलेला नियमच, घाईच्या, थकव्याच्या आणि धुक्याच्या वेळी, मनुष्याच्या हातून सुटत नाही.