शिवराई : एकाच पैशाचा संग्रह



नाण्यांचा छंद म्हटला म्हणजे देशोदेशींचीं नाणीं मखमलीच्या पेटींत ओळीनें मांडून पाहुण्यांस दाखवावयाचीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या छंदाचा एक दुसरा, जरा हट्टी मार्गहि आहे. एकच नाणें निवडावयाचें आणि त्याचे जितके म्हणून प्रकार टांकसाळींतून बाहेर पडले असतील तितके मिळवावयाचे. रशियांत सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या पांच कोपेकांच्या तांब्याच्या नाण्याचा असा संग्रह करणारे पुष्कळ आहेत. हें नाणें सुमारें ५१ ग्रॅम वजनाचें, म्हणजे हातांत घेतलें तर वजनाचें मापच वाटावें असें. परंतु संग्राहकाला तें फारसें छळीत नाहीं. कारण त्यावर सालहि असतें आणि टांकसाळीचीं अक्षरेंहि असतात. यादी करावी, एकेक घर भरीत जावें, एवढेंच काम.

आपल्याकडे असा एकाच नाण्याचा संग्रह करावयाचा तर शिवराईहून योग्य नाणें मला दिसत नाहीं. आणि तिच्याइतकें छळणारेंहि दुसरें नाहीं. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’, आणि भोंवतीं टिंबांचें कडें. एवढाच काय तो मजकूर. साल नाहीं, गांव नाहीं, पाडणाराचें नांव नाहीं. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं दोन नाणीं याच अक्षरांनीं निघालीं, असें सामान्यतः मानलें जातें. होन अतिशय दुर्मिळ. शिवराई मात्र अजूनहि हजारोंनीं आढळते. त्याच वेळीं रायगडीं आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन यानें, आपलें नाणें मराठी मुलुखांत चालावें, असें कलम पुढें केलें होतें. त्यास मिळालेलें उत्तर मोठें मार्मिक होतें. कोणाच्याहि नाण्यास मज्जाव नाहीं, परंतु तोटा सोसून तें घ्या, अशी सक्ति आम्ही रयतेवर करणार नाहीं, असा त्याचा आशय होता.

मग प्रकार ओळखावयाचे कसे? अक्षरांवरून. ‘शिव’ हा शब्द कोठें ‘सिव’, कोठें ‘सीव’ असा येतो. ‘पति’ची वेलांटी कोठें ऱ्हस्व तर कोठें दीर्घ. ठसा खोदणारा कारागीर निरक्षर असला तर अक्षर उलटेंहि उमटतें. त्यांतच तांब्याची चकती ठशाहून लहान असल्यामुळें सगळा लेख एका नाण्यावर क्वचितच बसतो. एकावर ‘श्री’ तुटलेली, दुसऱ्यावर ‘शिव’ अर्धा, तिसऱ्यावर कड्याचा मागमूस नाहीं. यामुळें एकाच ठशाचीं चार-पांच नाणीं शेजारीं ठेवून मूळ ठसा मनांत जुळवावा लागतो. एका प्रकाराचें एक नाणें हा रशियन संग्राहकाचा नियम येथें चालत नाहीं.

या कामास पहिल्यानें शास्त्रीय वळण दिलें तें जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानें. मराठी संतांचीं चरित्रें व काव्यें पुढें इंग्रजींत आणणारे अॅबट ते हेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं हजारों शिवराया तपासल्या आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत त्यांवर निबंध लिहिला. त्या काळीं शिवराई बाजारांतून पुरती गेली नव्हती, हें त्यांचें भाग्य. त्यानंतर १९८९ सालीं महेश्वरी व विगिन्स यांचा मराठा टांकसाळींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि आज कोणीहि या वाटेस लागला कीं त्याच ग्रंथाचा आधार घेतो.

शिवराई म्हणजे शिवछत्रपतींनींच पाडलेला पैसा, ही समजूत मात्र सोडावी लागते. महाराजांच्या मागून जवळजवळ दीडशें वर्षें तोच लेख पुनः पुनः उमटत राहिला. पेशवाईंत टांकसाळीचा परवाना ठराविक रक्कम घेऊन खासगी इसमांस देत असत. कोंकणांत नागोठण्याच्या बाजूस असे परवाने दिले गेले होते. नांव छत्रपतींचें, नफा परवानेदाराचा. वजन उतरत गेलें, अक्षर बिघडत गेलें. बेलाचें पान, त्रिशूळ, चंद्र, सूर्य अशीं चिन्हें शिरलीं. अखेरच्या काळांत दोन ओळींमध्यें दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई सर्वत्र पसरली. जुनी शिवराई अकरा-बारा ग्रॅमपर्यंत भरते. दुदांडी बहुधा तीहून हलकी.

आतां ठाणें आणि कल्याण यांकडे वळूं. हीं दोन गांवें आज एकाच लोहमार्गावरचीं शेजारीं वाटतात. परंतु नाण्यांच्या इतिहासांत तीं दोन राज्यांत मोडतात. कल्याण १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं घेतलें. पुढें तें मोगलांकडे गेलें व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुन्हां मराठ्यांकडे आलें. ठाणें व सारी साष्टी पोर्तुगिजांकडे होती. ती १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं बळकावली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी इंग्रजांकडेच राहिली, कल्याण मात्र पेशव्यांना परत मिळालें. म्हणजे १८१७ पर्यंत, पुरीं पस्तीस वर्षें, खाडीच्या अलीकडे कंपनीचें राज्य व पलीकडे पेशव्यांचें. कंपनीनें १७९१ पासून मुंबई इलाख्यासाठीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें यंत्रावर पाडलेला तांब्याचा पैसा आणविला. गोल, गुळगुळीत, एकावर तराजू आणि ‘अदल’ हा फारसी शब्द. त्याच वेळीं कल्याणच्या बाजारांत हातोड्यानें ठोकलेली, वांकडीतिकडी शिवराई चालत होती. तराजूचा पैसा आणि दुदांडी एकाच गांठोड्यांत निघाली, तर खाडी ओलांडून व्यापार कसा चाले याचा तो पुरावाच म्हणावा लागेल.

आणि येथेंच माझी खरी तक्रार आहे. शिवराईवर टांकसाळीचें नांव नाहीं. तेव्हां ती कोठें पाडली याचा अंदाज करावयाचा तर ती कोठें सांपडली, कोणत्या नाण्यांसह सांपडली, हेंच एक साधन उरतें. गांठोडें मोडून नाणीं किलोवर विकलीं गेलीं कीं तें साधन कायमचें नाहींसें होतें. नाणें उरतें, साक्ष जाते. कल्याण, भिवंडी, डोंबिवली या बाजूस घरांचे पाये खणले जात असतांना निघालेलें तांबें मोडीच्या भावानें गेलें, तर त्याबरोबर कोंकणच्या एखाद्या अज्ञात टांकसाळीचा पत्ताहि गेला असें समजावें. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे, हें पुष्कळांस ठाऊकहि नसतें.

दुसरी गोष्ट चिंचेची. तांबें लखलखीत करण्यासाठीं शिवराई चिंच-मिठानें घासणारे लोक अजून आहेत. त्यामुळें वरचा हिरवट-काळा थर जातो आणि अक्षरांच्या कडाहि झिजतात. ज्या वेलांटीवरून प्रकार ठरवावयाचा, नेमकी तीच प्रथम नाहींशी होते. विकणारा अशा झिजलेल्या दुदांडीस ‘महाराजांच्या हयातींतील’ म्हणून भाव मागतो, व भाविक गिऱ्हाईक तो देतोहि. अशा वेळीं नाणें हातांत घेऊन होनाच्या छायाचित्रावरील अक्षरांशीं ताडून पाहावें. होनाचें अक्षर रेखीव असतें. त्याच वळणाचें अक्षर, जड वजन आणि टिंबांचें सुबक कडें हीं तिन्ही एकत्र आढळलीं, तरच तिला आरंभींची शिवराई म्हणण्यास जागा आहे.

कमीतकमी खर्चांत आरंभ करावयाचा असेल तर दुदांडीपासूनच करावा. ती स्वस्त आहे, विपुल आहे, आणि चिन्हांच्या दृष्टीनें सर्वांत विविधहि तीच आहे. पेटीपेक्षां वही आधीं घ्यावी. तींत प्रत्येक नाण्याचें वजन, लेखाचें वळण, चिन्ह आणि मिळाल्याचें गांव लिहावें. ‘शिवराई’ऐवजीं अन्य राजाचें नांव असलेलें नाणें क्वचित् हातीं येतें. असें नाणें दिसलें कीं घाई न करितां प्रथम भिंगाखालीं दुसरी व तिसरी ओळ नीट वाचावी. ‘राम’ आहे कीं अर्धा तुटलेला ‘शिव’, हें ठरविण्यांत अनुभवी माणसाचीहि एखादी संध्याकाळ सहज जाते.