पलिष्टी ते पॅलेस्टाइन

मराठी बायबलमध्ये दावीद ज्या गल्याथाला गोफणीने लोळवतो, तो पलिष्टी. पॅलेस्टाइनचे मूळ याच पलिष्ट्यांच्या नावात आहे. इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याने कोरवलेल्या लेखांत समुद्रमार्गे चालून आलेल्या टोळ्यांची नावे आहेत. त्यांतले एक हेच. गाझा, अश्कलोन ही त्यांची शहरे. हिब्रूत या नावाशी जुळणारा एक धातू आहे, घुसण्याच्या अर्थाचा. म्हणून पॅलेस्टिनी म्हणजे घुसखोर, अशी व्युत्पत्ती हल्ली आवेशाने सांगतात. मला ती पटत नाही. एजियन समुद्राकडून आलेल्यांचे नाव हिब्रू धातूतून कशाला निघेल? आणि निघाले असते, तरी आजच्या गाझातल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याशी त्याचा काय संबंध?

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने फिनिशिया आणि इजिप्त यांमधल्या मुलखाला हे नाव वापरले. इ. स. 132 ते 135 चे ज्यूंचे बंड चिरडल्यावर रोमनांनी 'ज्युडिया' प्रांताचे 'सीरिया पॅलेस्टिना' केले. अरबीत 'प' नाही, तिथे ते 'फलस्तीन' झाले. उस्मानी तुर्कांच्या दप्तरी शेवटी या नावाचा प्रांत उरला नव्हता. तोंडी मात्र नाव राहिले. 1911 मध्ये याफा शहरात 'फलस्तीन' नावाचे अरबी वृत्तपत्रच निघाले.

'इस्रायल' हे मुळात माणसाचे नाव. रात्रभर झुंजलेल्या याकोबाला ते मिळाले, अशी बायबलमधली कथा. आपल्या अलिबागकडचे ज्यू, म्हणजे 'शनिवार तेली', स्वतःला बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे म्हणवत, ते हे राष्ट्र जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून.

शब्द असे पुरातन असल्याने भांडणही तीन हजार वर्षांचे असावे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. ज्यू राष्ट्रवादासाठीचा 'झायोनिझम' हा शब्द नाथान बिर्नबाउम या ज्यू लेखकाने घडवला 1890 मध्ये. 1917 च्या ब्रिटिश सरकारच्या बाल्फोर जाहीरनाम्याने ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये 'राष्ट्रीय घर' देऊ केले, 'राज्य' शब्द शिताफीने टाळला. तिथल्या बहुसंख्य अरबांचा उल्लेख त्यात 'बिगर-ज्यू समाज' असा येतो. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी आहे, राजकीय हक्कांची नाही. 'अरब' हा शब्द तर कुठेच नाही. भांडणाचे मूळ मला रामसेसच्या लेखांपेक्षा या वाक्यात अधिक दिसते.

पुढे पॅलेस्टाइन ब्रिटिशांच्या ताब्यात आले. त्यांनी 1927 मध्ये तिथे तीन लिप्यांची नाणी आणली. त्यांवर हिब्रूतल्या 'पॅलेस्टाइन' नावापुढे कंसात दोनच अक्षरे, आलेफ आणि योद. 'एरेत्स इस्रायल', म्हणजे इस्रायलची भूमी, याचे लघुरूप. हीच अक्षरे टपाल तिकिटांवरही होती. अरबांना ती खुपली, ज्यूंना अपुरी वाटली.

तरी त्या काळात 'पॅलेस्टाइन' हे नाव दोघेही वापरत होते. 1932 मध्ये जेरुसलेमला ज्यूंनी काढलेल्या इंग्रजी दैनिकाचे नाव होते 'पॅलेस्टाइन पोस्ट'. 1948 मध्ये इस्रायल हे राष्ट्र जन्मले. त्या वेळच्या युद्धात सुमारे 7 लाख अरब बेघर झाले, त्याला त्यांनी 'नकबा', म्हणजे महासंकट, म्हटले. दैनिकाचे नाव 1950 मध्ये बदलून 'जेरुसलेम पोस्ट' झाले.