लुकआउट ओढ्याकाठची माती

अमेरिकेच्या वनखात्याने १९४८ साली ऑरेगन राज्यातल्या कॅस्केड डोंगररांगेत लुकआउट ओढ्याचं सुमारे ६,४०० हेक्टरचं पाणलोट क्षेत्र प्रयोगासाठी राखलं. तेव्हा प्रश्न व्यवहाराचा होता: जुनं जंगल तोडायचं कसं आणि रस्ते काढायचे कुठून? १९५३मध्ये या वनाला वनाधिकारी एच. जे. अँड्र्यूज यांचं नाव मिळालं.

इथले उतार उभे, खडक ज्वालामुखीचा. पाऊस वर्षाला २,३०० मिलिमीटरच्या वर, तोही बहुतेक हिवाळ्यातला. डिसेंबर १९६४च्या महापुरात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या. मृदाशास्त्रज्ञ टेड डिर्नेस यांनी त्या एकेक करून तपासल्या, तेव्हा बहुतेकींचा संबंध नव्या रस्त्यांशी निघाला. तोडीचा अभ्यास करायला आलेली मंडळी मातीकडे वळली ती अशी.

सत्तरच्या दशकात संशोधक दोर लावून उंच डग्लस फरच्या शेंड्यांवर चढले. तिथे दगडफुलांच्या जातकुळीतलं 'लोबेरिया' हवेतला नायट्रोजन पकडतं आणि गळून पडलं की तो जमिनीला मिळतो, हे उमगलं. हे वैभव मुख्यतः जुन्या झाडांवरचं. नव्या लागवडीत ते सहजी येत नाही.

१९८० साली देशाच्या दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाच्या जाळ्यात अँड्र्यूज सुरुवातीपासूनच सामील झालं. पुढे १९८५मध्ये संशोधक मार्क हार्मन यांनी चार जातींचे पाचशेहून अधिक ओंडके जंगलात मांडले. ते कुजताना बघायचे, आणि तेही दोनशे वर्षं! अनुदानाचे अर्ज मोजक्याच वर्षांच्या बोलीवर मंजूर होतात, हे ठाऊक असूनही ही हिंमत केली.

इथलाच १९९७चा प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. एका चौकोनावर जाळी धरून सुयांचा पाचोळा अडवायचा आणि शेजारच्या चौकोनावर नेऊन पसरायचा; तिसऱ्याभोवती चर खणून मुळांना मज्जाव करायचा. वीस वर्षांनी पाहिलं, तर दुप्पट पाचोळा घातलेल्या मातीत कार्बन वाढलेला नव्हता. ताजा पाचोळा मिळताच सूक्ष्मजीव चेकाळतात आणि आधीचा साठाही फस्त करतात, असं त्याचं कारण दिलं जातं. पाला टाकला की माती सुपीक, हा आपलाही ठाम समज. इथे तो अपुरा पडला.

ऑगस्ट २०२३मध्ये लागलेल्या वणव्याने या वनाचा सुमारे ७० टक्के भाग होरपळला. मातीत आता कोळसा मिसळतो आहे आणि उभी वाळलेली झाडं पुढची कित्येक दशकं एकेक करून आडवी होत राहतील. त्यांच्या नोंदी सुरू झाल्या आहेत.