बसायला-चालायला उशीर होणाऱ्या बालकांसाठी फिजिओथेरपी : सरकारी सेवा आणि घरचा सराव

बाळ ४ महिन्यांपर्यंत मान धरत नसेल, ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल किंवा १८ महिन्यांपर्यंत चालत नसेल, तर त्याची तपासणी करून घ्या. काही लक्षणांसाठी तर वयाचीही वाट पाहू नये. बाळाच्या मुठी सतत घट्ट मिटलेल्या असणे, उभे धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणे, पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात वापरणे, अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटणे ही सेरेब्रल पाल्सीची लक्षणे असू शकतात. 'याचा मामाही उशिराच चालला' असे घरातले वडीलधारे सांगतील. तरीही तपासणी टाळू नका. आधी येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागले, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

तपासणी कोठे होते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला आणि आज तो देशभर राबवला जातो. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या कार्यक्रमात तपासले जातात. फिरते आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. पथकाच्या फेरीपर्यंत थांबण्याची गरज नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येते. हे केंद्र साधारणपणे जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते. तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ यांची सेवा मोफत मिळते.

याशिवाय ० ते ६ वर्षांच्या मुलांसाठी मुंबई, सिकंदराबाद, कोलकाता अशा ठिकाणच्या राष्ट्रीय दिव्यांगजन संस्थांमध्ये २०२१ पासून शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. उपचार सुरू करण्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्राची वाट पाहू नका. प्रमाणपत्र पुढच्या योजनांसाठी लागते. व्यायाम मात्र लवकर सुरू व्हावा लागतो, कारण पहिल्या काही वर्षांत मेंदू सर्वात वेगाने शिकतो आणि ताठ स्नायू तसेच राहिले तर सांधे हळूहळू आखडतात.

घरी काय करता येईल?

केंद्रात आठवड्यातून एकदा अर्धा तास मिळाला, तरी उरलेला सगळा वेळ मूल घरीच असते. म्हणून थेरपिस्टकडून व्यायाम नुसता 'करून' घेऊ नका, शिकून घ्या. त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा आणि त्यांच्या परवानगीने मोबाइलवर चित्रीकरण करा. पुढील गोष्टी बहुतेक मुलांना उपयोगी पडतात, पण आपल्या मुलासाठी कोणत्या योग्य आहेत हे थेरपिस्टला आधी विचारा.

बाळ जागे असताना त्याला थोडा थोडा वेळ पालथे ठेवा. छातीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि समोर खुळखुळा वाजवला, की मान उचलण्यासाठी त्याला कारण मिळते. पालथे असताना बाळाला एकटे सोडू नये. पाय ताठ असलेल्या मुलाला दोन्ही पाय जुळवून उचलण्याऐवजी पाय फाकवून कडेवर घ्या. आपल्याकडची ही जुनी सवय मांड्या मोकळ्या ठेवायला चांगलीच कामी येते. थोडा तोल सावरणाऱ्या मुलाला कमी उंचीच्या स्टुलावर, तळवे जमिनीला पूर्ण टेकतील असे बसवा आणि मागून कमरेला आधार द्या. जेवण आणि खेळ याच बैठकीत झाले, तर व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. कमी वापरल्या जाणाऱ्या हाताच्या बाजूने वाटी, चमचा, खेळणे पुढे करा. कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर स्नायू सैल असतात, तेव्हा ताणाचे व्यायाम सोपे जातात.

मालिश हलक्या हाताने करायला हरकत नाही. मात्र हातपाय जोराने ओढणे, सांधे 'मोडून' घेणे, बाळाला उलटे लटकवणे पूर्ण बंद करा. ताठ पाय झटक्याने वाकवल्यास तो आणखी ताठरतो. चाकांचा पांगुळगाडाही नको: त्यात मूल टाचा उचलून पुढे सरकते, तोल सावरायला शिकत नाही आणि उलटून पडण्याचा धोका असतो. व्यायामात मूल वेदनेने रडले, सांधा सुजला किंवा झटके आले, तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

खर्च आणि साधने

राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. त्यात थेरपीचा खर्चही येतो, मात्र त्यासाठी वेगळी मर्यादा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीच ही योजना आहे. नुसता 'विकासात विलंब' अशी नोंद पुरेशी नाही. प्रत्येक थेरपीची पावती जपून ठेवा. मूल शाळेत जाण्याच्या वयाचे असेल, तर समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांची चौकशी गट साधन केंद्रात करा. घराबाहेर पडू न शकणाऱ्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची सोय आहे.

विशेष खुर्ची, वॉकर, कॅलिपर अशी साधने केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेनुसार मोफत किंवा सवलतीत मिळतात. एकाच कारणासाठी पुन्हा मदत मिळायला मोठ्यांना ३ वर्षे थांबावे लागते. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मर्यादा १ वर्षाची आहे. त्यामुळे लहान झालेले कॅलिपर ओढूनताणून वापरू नका. ते काढल्यावर त्वचेवरची लाली अर्ध्या तासातही गेली नाही, तर माप बदलले आहे असे समजा आणि ते दुरुस्त करून घेईपर्यंत वापरायचे की नाही, हे थेरपिस्टला विचारा.