मोटारसायकलीच्या सांगाड्यातील तडे : नॉर्टनच्या इतिहासातील एक प्रश्न

यंत्राच्या इतिहासात विजयाची नोंद सहज सापडते. मोडतोडीची नोंद बहुधा कारखान्याबाहेर येत नाही. वस्तुतः मोटारसायकलीच्या सांगाड्याचा विकास कसा झाला हे समजून घ्यावयाचे, तर त्यावरील तड्यांकडेच प्रथम पाहिले पाहिजे. तडा सामान्यतः सांध्यापाशी दिसतो. म्हणून दोष सांधणाऱ्या कारागिराच्या माथी मारला जातो. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, ह्याचा विचार ब्रिटनमधील नॉर्टन कंपनीच्या सांगाड्यांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

जुन्या पद्धतीत नळ्यांची टोके ओतीव खोबण्यांत बसवून पितळेने झाळीत असत. नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांचा ‘गार्डन गेट’ सांगाडा ह्याच परंपरेतला. मागील चाकाला स्प्रिंगांचा आधार मिळाला आणि वेग वाढला, तसे हे सांगाडे मोडू लागले. त्यावर बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस ह्यांनी, बंधू क्रोमी ह्यांच्यासह, निराळा मार्ग शोधला. हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिला आपण शीर्षनळी म्हणू. दोन लांब नळ्या इंजिनाभोवती वळवून त्यांची टोके शीर्षनळीपाशी एकमेकींना छेदतील अशी त्यांनी जोडली. त्यामुळे शीर्षनळीला वर आणि खाली, दोन्हीकडे आधार मिळाला. हॅरल्ड डॅनिएल ह्या स्वाराने केलेल्या तुलनेवरून त्याला ‘फेदरबेड’, म्हणजे पिसांची गादी, हे नाव पडले. 1950 च्या आइल ऑफ मॅन येथील ज्युनियर व सीनियर ह्या दोन्ही शर्यतींत पहिले तीनही क्रमांक नॉर्टनने पटकावले.

शर्यतीच्या फेदरबेडसाठी रेनल्ड्स 531 ह्या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या वापरीत. पोलाद सुमारे 1500 अंश सेल्सिअसला वितळते. इतक्या उष्णतेने अशा पातळ नळीचा सांध्यालगतचा भाग ठिसूळ होण्याची भीती असते. म्हणून सुमारे 900 अंशांना वितळणाऱ्या कांस्यसदृश मिश्रधातूने सांधे भरीत. येथे नळी स्वतः वितळत नाही. सांधा बळकट करावयाचा तर उष्णता आवरावी लागते, हा ह्यातला धडा.

परंतु सांधा उत्तम असूनही तडा जाऊ शकतो. 1967 मध्ये नॉर्टन कमांडो ही गाडी लोकांसमोर आली. तिचे इंजिन, गिअरबॉक्स व मागील चाकाचा दुबेळका हे सारे रबराच्या आधारांवर बसविले होते. त्यामुळे स्वाराला कंप जाणवेनासा झाला. सांगाड्याचा मुख्य कणा म्हणजे सव्वादोन इंच व्यासाची एकच जाड नळी. शीर्षनळीशी तिचा जोड पत्र्याच्या तुकड्याने पक्का केलेला होता. आरंभीच्या गाड्यांचे सांगाडे नेमके तेथेच तडकू लागले. जाड पत्र्याचा शेवट जेथे होतो तेथे ताण एकवटतो. 1969 च्या सुमारास उपाय झाला तो अधिक वेल्डिंगचा नव्हे. तो पत्रा काढून टाकण्यात आला आणि शीर्षनळीच्या खालच्या टोकापासून मागे जाणारी एक बारीक नळी जोडण्यात आली. त्रिकोण साधला आणि ताण वाटला गेला. फेदरबेडमध्ये जे तत्त्व होते, तेच निराळ्या रूपाने परत आले असे म्हणावे लागेल.

ह्या प्रकाराला आपण ‘धातूचा थकवा’ म्हणतो. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्होलर ह्यांनी आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखविले, की एकदा सहज पेलणारा भार वारंवार पडला तर तोच धातूला मोडतो. शब्द अन्वर्थक वाटतो, तरी तो फसवा आहे. थकलेला मनुष्य विश्रांतीने ताजा होतो. धातूची झीज विश्रांतीने भरून येत नाही. तडा केवळ भरून घेतला आणि ताणाची वाट तीच राहिली, तर भरलेल्या जागेच्या शेजारी पुन्हा तडा उमटतो.

कारागिराचा हात कधीच चुकत नाही, असे ह्यातून सिद्ध होत नाही. अपुरा वितळलेला सांधा हाही तड्याचे कारण होऊ शकतो. मात्र एकाच घडणीचे अनेक सांगाडे एकाच जागी तडकत असतील, तर प्रश्न हाताचा नसून आराखड्याचा असतो. सांधा हा साक्षीदार आहे. त्यालाच आरोपी ठरविले, तर खरे कारण हाती लागत नाही आणि पुढचा स्वार त्याची किंमत देतो.