एकच लाईट, दर मात्र वेगळा

आज आपण लाईट बिलाबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज झालं की हा विषय निघतोच.

आपल्या हातकणंगले तालुक्यात हुपरी, रेंदाळच्या थोडं पुढं गेलं की कर्नाटकाची हद्द लागते. मांगूर, बोरगाव, बेडकिहाळ, निपाणीला आपल्या लेकी दिल्यात, तिकडच्या सुना आपल्याकडं आल्यात. पण ऑगस्ट 2023 पासून तिकडं गृहज्योती योजना आहे. घराचा आधीच्या वर्षाचा सरासरी वापर आणि वर 10 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 200 युनिट, एवढ्यात राहिलं तर बिल शून्य. आपल्याकडं 2024-25 सालात पहिल्या 100 युनिटांना दर होता 4 रुपये 71 पैसे. त्यापुढच्या, 300 पर्यंतच्या युनिटांना 10 रुपये 29 पैसे. त्यावर प्रत्येक युनिटाला 1 रुपया 17 पैसे वहन आकार, शिवाय स्थिर आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. एवढा फरक का पडला? त्यासाठी जरा मागं जाऊया.

महाराष्ट्रात टाटांनी 1915 साली खोपोलीला पाण्यावर वीज तयार केली, ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. खेड्यात तेव्हा चिमणी आणि कंदील. ज्या शहरांत वीज होती, तिथं ज्याची त्याची कंपनी आणि ज्याचा त्याचा दर. 1948 साली कायदा झाला आणि राज्याराज्यांत वीज मंडळं स्थापन करायची वाट मोकळी झाली.

तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि आपणही त्याच राज्यात आलो. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी मांडणी झाली. निपाणी, चिकोडीसह बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तिथून विजेच्या वाटाही वेगळ्या झाल्या. म्हैसूरकडं 1902 पासून शिवनसमुद्रची जलवीज होती, पुढं शरावती आली. आपल्याकडं 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं, 1962 ला कोयनेची वीज सुरू झाली. पण गावं, पंप, कारखाने वाढले तशी कोयना पुरेना. मग कोराडी, चंद्रपूरला कोळशावरची केंद्रं उभी राहिली. धरण एकदा बांधलं की पाणी विकत आणावं लागत नाही. कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. दरातल्या फरकाचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण, वीज देणारा कोण. 6 जून 2005 ला आपल्या मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. आपण अजून 'बोर्डाचं बिल' म्हणतो, पण बिल येतं महावितरणचं. महावितरणचा घरगुती दर कोल्हापूरपासून गडचिरोलीपर्यंत एकच. मुंबईत मात्र बेस्ट, अदानी आणि टाटा, तिघांचे दर वेगवेगळे. गोव्यात तर सरकारचं वीज खातंच वीज देतं.

तिसरं कारण सगळ्यात मोठं: भार कोणी उचलायचा. शून्य बिल म्हणजे वीज फुकट तयार होते असं नाही. तिकडच्या घराचे पैसे तिथलं सरकार हुबळीच्या वीज कंपनीला देतं. आपल्या सरकारनंही एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल उचललंय. पंपाला सवलत मिळावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंप बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो, आणि घरातलं लाईट बिल भरायला बाईच डब्यातले पैसे काढते. सवलत कुणाला द्यायची हे माणसंच ठरवतात, आणि ठरवताना जो बोलतो त्याचं ऐकलं जातं.

आपल्याला बोलायला जागा आहे. 1999 पासून राज्यात वीज नियामक आयोग आहे. कंपनीला दर बदलायचा तर आयोगाची मंजुरी लागते. त्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, सुनावणी होते. कुणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, मराठीतसुद्धा.

आयोगाच्या दरपत्रकातला एक नियम तर प्रत्येक गटानं लिहून ठेवावा. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा 3600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुतीच दर लागतो. शिलाई मशीन, घरातलं चांदीचं काम, पापड, मसाला करणाऱ्या बायकांनी आपलं बिल काढून 'दर संकेत' बघावा. तिथं वाणिज्यिक लिहिलं असेल आणि वापर या मर्यादेत असेल, तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं हप्त्याबरोबर वर्षभराची बिलं आणावीत. आपण एकत्र बसून वाचू. आणि पुढच्या वेळी दराची जाहीर सूचना निघाली की आपल्या गटांचीही एक हरकत त्यात असू दे, सगळ्यांच्या सह्यांची.